पिनेवरची टिकली

सातारा, ६ जानेवारी १९७४

चि. सौ. चंद्रास,

‘अगं, लीलीचं हात थरथरत्यात. चंद्रीकडं दे.’

आप्पा हे आईला म्हणाले होते. तुला आठवत नसेल. मी चौदा वर्षांची होते, तू अकराची. आई फळीवरून रेडिओचा व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात देत होती. आप्पांनी मान वर न करताच हे सांगितलं. आईने माझ्या तळहातावरचा व्हॉल्व्ह उचलला, तुझ्या तळहातावर ठेवला आणि तव्यावरच्या भाकरीकडे वळली. कुणी मला रागावलं नव्हतं, कुणी हसलं नव्हतं. तुझ्या दृष्टीने ते एक काम होतं, ते तू केलंस. काचेचा तो व्हॉल्व्ह नीट खोबणीत बसला आणि आप्पा म्हणाले, ‘हां.’

त्यांचा तो ‘हां’ मला कधी मिळाला नाही.

इतक्या दिवसांनी पत्र आणि त्याची सुरुवात ही, असं तुला वाटेल. तीन वर्षं झाली. आप्पांच्या तेराव्याला तुझ्या सांगलीच्या घरात मी जे बोलले ते सगळ्या भावकीने ऐकलं. त्यानंतर आपण एकमेकींना संक्रांतीचा तिळगूळसुद्धा पाठवलेला नाही. त्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही. कामापुरतं लिहिते.

मी घरी रेडिओ बांधते आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आप्पांनी जर्मनीच्या लढाईच्या आधी एक विलायती सेट बघून हुबेहूब तसाच घरी बांधला होता ना, पाच व्हॉल्व्हचा, हिरव्या डोळ्याचा, तो मला पुन्हा बांधायचा आहे. तो तुझ्या बाहेरच्या खोलीत आहे. तेराव्याला मी मागितला, तू दिला नाहीस. मग मी ठरवलं, तसाच करायचा. पेटीची गोलाई तीच, डायल तीच, आणि स्टेशन नीट लागलं की पापणी मिटल्यासारखा बारीक होणारा तो डोळाही तोच.

सामान मिळालं आहे. पोवई नाक्याजवळ बिराप्पा म्हणून एकाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. माणूस कवठे महांकाळकडचा, घरची मेंढरं. लोक जुने सेट त्याच्याकडे टाकून ट्रांझिस्टर घेऊन जातात. त्याच्या दुकानात मागच्या भिंतीशी पोतंभर व्हॉल्व्ह पडलेत. मी मागायला गेले तर म्हणाला, ‘बाई, समदं गाव ट्रांझिस्टर मागतंय. मेंढरामागं जाणारा माझा चुलता बी खांद्याला आडकवून हिंडतोय. आन् तुमी ह्यो हत्ती बांधाया निगालाय व्हय?’

‘हत्तीच बांधायचाय,’ मी म्हटलं.

‘बांदा. माजी आडगळ तरी हालंल.’

दर रविवारी मी त्याच्याकडे तारा सांधायला, डाख द्यायला शिकते. माझ्या वर्गातल्या मुलींना कळलं तर कठीण आहे.

आता काम. पेटीची मापं हवीत. आणि डायलचा काटा ज्या दोरीवर चालतो ती दोरी आत कुठल्या चाकावरून कशी फिरवली आहे, हे बघून कळव. उत्तर आलं नाही तर मी अंदाजाने करीन. आकारामरावांना नमस्कार.

तुझी,
लीलाक्का


सातारा, ३० जानेवारी १९७४

चि. सौ. चंद्रास,

तुझं पाकीट आलं. पत्र एका ओळीचं होतं, ‘आक्का, मापं सोबत आहेत.’ आणि चार कागद भरून नकाशे. हळदीच्या पेठेतल्या पावत्यांच्या कोऱ्या बाजूवर काढलेस. आकारामरावांच्या अडतीतल्या असणार. घड्या उलगडल्या तर हळद माझ्या बोटांना लागली.

एका ओळीबद्दल मला काही म्हणायचं नाही. माझ्यासारखीला एक ओळ पुष्कळ झाली.

पण नकाशांबद्दल म्हणायचं आहे. मी विचारलं नव्हतं तेही तू मोजलंस. मागच्या पुठ्ठ्याला बावन्न भोकं, त्यातलं एक उंदराने मोठं केलेलं, ते बाण काढून दाखवलंस. दोरीचे फेरे आकडे घालून काढलेस, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या फेऱ्यापाशी लिहिलंस, ‘इथे दोरी सुटते, दीड वेढा घाल.’ रेघ कुठे हललेली नाही. पट्टी वापरलीस का? मला तर वाटतं नुसत्या हाताने काढलंस.

यांनी जेवता जेवता कागद हातात घेतला. ‘आगं, ह्यो नकाशा कुणी काडला?’

‘चंद्राने.’

‘लय सफाई हाय गं. आमच्या पलटणीत आसा नकाशा काडणारा आसता तर हवालदाराचा डायरेक सुभेदार केला आसता.’

मी म्हटलं, ‘भाजी वाढू का?’

‘बाईचा हात हाय का मशीन!’

‘भाजी वाढू का, म्हणून विचारतेय.’

त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं होतं. ते मुद्दाम पडलं, असं यांचं म्हणणं. नवरा सतरा वर्षं पलटणीत राहून आला तरी बायकोचं मीठ त्याला बरोबर कळतं.

तुझे नकाशे मी गादीखाली ठेवले आणि दोन रविवार माझ्या अंदाजाने दोरी ओवली. दोन्ही वेळा सुटली. तिसऱ्या फेऱ्यापाशी. मग ते बाहेर काढले.

हे मी तुला का लिहिते आहे ते माहीत नाही. समोर असतीस तर सांगितलं नसतं. समोर असताना मी तुझी मोठी बहीण असते.

पेटी जोतिबा सुतार करतो आहे. सागाची पातळ फळी ओली करून वाकवतो, दोरखंडाने आवळून चार दिवस ठेवतो. त्याला विचारलं, ही गोलाई अगदी अशीच येईल ना, तर म्हणाला, ‘वयनी, पिकल्या आंब्याची कैरी करता येत न्हाई, पर लाकडाचं समदं करता येतंय.’

माझे हात अजून थरथरतात. बिराप्पाने पहिल्याच दिवशी बघितलं. एक जुनी चादर घडी करून टेबलावर ठेवली आणि म्हणाला, ‘मनगट ह्येच्यावर टेकवा. आता बघा.’ थरथर जात नाही, पण बोटापर्यंत पोचत नाही. डाख टिपूस पडतो तसा पडतो, गोल, चकचकीत. मी तिथे बसून रडले. एवढंसंच होतं, चंद्रा. एक चादर. आप्पांना हे सुचलं नसेल का? की तू होतीसच हाताशी, म्हणून सुचायची गरज पडली नाही?

आप्पांचा नियम आठवतो का? रेडिओची पेटी लाकडाची, पण आतला सगळा सांगाडा, ती चासी, लोखंडी. पिन बटणाच्या फळीत उलटी घातली तर अख्खी चासी वीज धरते. गंमत अशी की रेडिओ दोन्हीकडून वाजतो. फरक फक्त हात लावणाऱ्याला कळतो. म्हणून आप्पा तेलात कालवलेल्या शेंदराची एक टिकली पिनेवर एका दांडीच्या बाजूला लावायचे आणि एक फळीवर. टिकलीला टिकली आली की बिनघोर. आणि पिनेवरची टिकली कोण लावणार? ‘ज्यानं डाख दिला त्यानं.’ दुसऱ्या कुणाला लावू द्यायचे नाहीत. विलायती कंपनी पेटीवर आपलं नाव ठोकते, तसं आमच्या घरी टिकली.

तू चौदाव्या वर्षी लावलीस. मी एकदाही नाही.

त्या दिवसाबद्दल नाही लिहीत. सहज आठवलं.

लीलाक्का


सातारा, १९ फेब्रुवारी १९७४

चि. सौ. चंद्रास,

वाजला!

म्हणजे काय झालं, सगळं जोडून झालं. बिराप्पा घरी आला, त्याने टेस्टर लावून पिनेची बाजू ठरवली आणि स्वतः घातली. मी लांब उभी होते. व्हॉल्व्ह हळूहळू तापले, एकेक करून आत उजेड पडला, देवघरात समया लावत जावं तसा. मग हिरवा डोळा उघडला. मी यांचा दंड धरला होता, हे मला नंतर कळलं.

आणि मग घूंऽऽ. नुसतं घूं. मागे कुणीतरी बोलत होतं, पण गुऱ्हाळाच्या इंजिनाशेजारी उभं राहून बोलावं तसं.

बिराप्पाने दोन तास घातले. ‘बाई, ह्यो जुन्या लोकांचा खेळ हाय. माज्या येळंला निम्मं व्हॉल्व्ह गेलं हुतं.’ यांनी एक थाप मारून बघितली. पलटणीत म्हणे सगळी यंत्रं थापेने चालायची.

आणखी एक ऐक. आवाज येण्याआधीच मी पोस्टात रेडिओचं लायसन काढायला गेले होते, माझी घाई बघ. कारकुनाने विचारलं, ‘कुठल्या कंपनीचा?’

मी म्हटलं, ‘घरचा.’

‘घरचा म्हंजी?’

‘घरी केलेला.’

त्याने माझ्याकडे बघितलं, मागच्या रांगेकडे बघितलं. ‘आवं बाई, ह्यो पापड न्हवं.’ मागची माणसं हसली. शेवटी त्याने कंपनीच्या जागी ‘लीलाबाई’ असं लिहिलं. मी ते लायसनचं पुस्तक घरी येईपर्यंत चार वेळा उघडून बघितलं. तुझ्या घरच्या सेटच्या लायसनवर काय लिहिलं आहे? आप्पांचं नाव आहे का? की तुझं?

तर हे घूं. तू बसल्या जागेवरून आवाज ऐकून सांगायचीस, कुठे दुखतंय ते. गिऱ्हाईक दुरुस्तीला सेट घेऊन दुकानाच्या दारात आलं की आप्पा म्हणायचे, ‘थांबा, डाक्टरीन येऊ द्या.’ सगळे हसायचे. मी चहा आणायचे.

पत्रातून आवाज कसा पाठवायचा मला कळत नाही. सुरुवातीपासून आहे, आवाजाचं बटण कमी केलं तरी तेवढाच राहतो. एवढंच सांगता येतं. तुला वेळ असेल तर.

लीलाक्का


सातारा, ८ मार्च १९७४

चि. सौ. चंद्रास,

तुझं कार्ड आणि त्यासोबतचं पाकीट, दोन्ही एकाच दिवशी मिळाली.

कार्डावर लिहिलं होतंस, ‘बटण कमी करूनही राहतो म्हणजे मोठ्या कंडेन्सरचा चासीकडचा डाख कच्चा असेल. वरून चकचकीत दिसेल. लाकडी काडीने हलवून बघ.’

काडीने हलवला. घूं थांबलं.

सव्वाशे किलोमीटरवरून, न ऐकता, न बघता. बिराप्पा म्हणाला, ‘कोण हायत ह्या? आमच्या दुकानात आणा की.’ यांनी माझ्याकडे चोरून बघितलं. मीठ आठवलं असणार. मी हसले, खरंच हसले, आणि मग परसात जाऊन उगाचच धुतलेली भांडी परत धुतली. तो माझा डाख होता. चकचकीत होता. त्याच्यावर मी सगळ्यांत खूश होते.

घूं गेल्यावर पहिला आवाज कुठला आला सांगू? आकाशवाणीचं सांगली केंद्र. बाजारभाव चालले होते. हळद, गूळ, शेंग. निवेदक बाई इतक्या स्वच्छ बोलत होत्या की पलीकडच्या खोलीतून बोलताहेत असं वाटलं. डोळ्याची पापणी बारीक झाली. मी सगळे भाव ऐकले.

पाकिटातलं वाचलं. टिकलीबद्दल. त्याचं नंतर लिहीन, परीक्षेचे पेपर काढायचे आहेत.

लीलाक्का


सातारा, ३१ मार्च १९७४

चंद्रा,

पेपर केव्हाच काढून झाले.

तुझं पाकिटातलं पत्र माझ्यासमोर आहे. तू पिनेचा नकाशा काढलास, चासीला जाणारी तार वेगळी दाखवलीस आणि खाली लिहिलंस, तुझेच शब्द उतरवते:

‘आक्का, आता टिकली. चासीला जाते ती तार सोडून दुसऱ्या तारेच्या दांडीच्या बाजूला लाव. त्या दिवशी मी अशीच लावली होती, दोनदा बघून लावली होती, असं मला अजून वाटतं. पण वाटण्याला काय अर्थ आहे. टिकली चुकीच्या बाजूला होती हे मीच माझ्या डोळ्यांनी नंतर बघितलं. मी आता घरात इस्त्रीची पिनसुद्धा लावत नाही, हे लावतात. तेव्हा माझ्या सांगण्यावर राहू नको, दुसऱ्या कुणाकडून तपासून घे.’

तीन आठवडे हे पत्र मी रोज वाचते. इस्त्रीच्या ओळीपाशी थांबते.

तू अशीच लावली होतीस. दोनदा बघून. बरोबर बाजूला. मी पुसली.

आता सगळं लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही. शेहेचाळीस सालची गोष्ट. मी सतरा वर्षांची, तू चौदाची. तू आप्पांच्या सेटसारखाच दुसरा सेट पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः बांधलास. आप्पांनी गल्लीतल्या माणसांना बोलावलं. ‘आमच्या चंद्रीचा रेडिओ ऐकाया या.’ आईने दुकानाची जमीन सकाळीच सारवली होती, अजून ओली होती. मला पेढे आणायला पाठवलं. मी आणले. तू आत वेणी घालून घेत होतीस, आप्पा दारात कुणाशी तरी बोलत होते. दुकानात मी, तुझा रेडिओ आणि पिन. पिनेवर तुझी टिकली. ओली, गोल, जराही न पसरलेली. किती गोल होती गं.

मी फडक्याला घासलेट लावून ती पुसली आणि काडेपेटीच्या काडीने दुसऱ्या दांडीच्या बाजूला लावली. माझी थोडी लांबट आली. हात थरथरतात ना. कुणी बघितलं असतं तर तेवढ्यावरूनच ओळखलं असतं. कुणीच बघितलं नाही.

मला काय हवं होतं ते खरं सांगते. बटणाच्या स्क्रूला हात लागला की झिणझिणी येते, एवढं मला माहीत होतं. सगळ्यांसमोर तुला झटका बसावा, तू ‘आई गं’ म्हणून ओरडावंस, माणसांनी हसावं आणि आप्पांनी म्हणावं, चंद्रीचं बी चुकतंय की. एवढंच. त्या वेळी मला ते अगदी थोडं वाटलं होतं.

टिकलीला टिकली लावून तू पिन घातलीस. रेडिओ लागला. माणसं वाहवा म्हणाली. आणि काटा अडकतोय असं बघून आप्पा स्टुलावर बसल्या बसल्या रेडिओच्या मागच्या बाजूला वाकले, अनवाणी पाय ओल्या सारवणावर, आणि त्यांनी आत हात घातला. तुझ्याआधी.

ते कसे फेकले गेले ते तू बघितलंस. उजवं मनगट उंबऱ्याच्या दगडावर आपटलं, तो आवाज तूही ऐकलास. मला एक आठवतं ते तुला आठवतं का? गडबडीत कुणी बंदच केला नाही, आणि रेडिओ वाजतच होता. आई रडत होती, माणसं पाणी मागत होती आणि तुझा रेडिओ सुरेख वाजत होता. तो नीट ऐकायला कुणालाच मिळाला नाही. महिन्याने आप्पांनी डाव्या हाताने तो सोडवला आणि सुटं सामान विकून टाकलं.

मनगट वाकडंच जोडलं गेलं. आप्पांनी पुन्हा डाख दिला नाही. दुकान बंद करून ते वखारीत मोजणीदार झाले. तूही पुन्हा डाखाची कांडी हातात धरली नाहीस. आईने दोनदा म्हटलं, शीक की गं पुढं. तू म्हणालीस, ‘नगं. माजा हात वाईट हाय.’ मी तेव्हा तांदूळ निवडत होते. निवडत राहिले.

आणखी एक आहे. हे मी कुणालाच सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी तू देवळात गेली होतीस. आप्पा पलंगावर पडून डाव्या हातात ती पिन धरून बघत होते. त्यांनी ती नाकापाशी नेली. ‘लीले, ह्या पिनंला घासलेटाचा वास का येतोय गं?’

मी म्हटलं, ‘कंदिलात भरताना सांडलं असेल.’

त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, ‘आसंल.’ पिन उशीखाली ठेवली. संध्याकाळी तू आलीस, त्यांच्या पायाशी बसून रडायला लागलीस, तर डावा हात तुझ्या डोक्यावर ठेवून म्हणाले, ‘हुती चूक माणसाकडनं. रडू नगंस.’

त्यांना कळलं होतं, चंद्रा. आणि त्यांनी तुला सांगितलं नाही. माझं लग्न ठरत होतं, म्हणून असेल. जन्मात एकदाच त्यांनी तुझ्याआधी माझा विचार केला. आणि मी किती वाईट आहे बघ, त्या रात्रभर मला त्याचं बरं वाटत राहिलं. भीती होती, लाज होती, पण त्यांच्या तळाशी ते बरं वाटणंही होतं. वाटलं, आज ते माझे झाले.

ते माझे झाले नाहीत. आई गेल्यावर मी दोनदा त्यांना माझ्याकडे न्यायला आले, तर त्यांनी ट्रंक तुझ्या घरी हलवली. अकरा वर्षं तुझ्याकडे राहिले. मी भेटायला आले की वाकडा हात उपरण्याखाली घ्यायचे. तुझ्यासमोर कधी घेत नसत, हे मी बघितलं आहे. मला त्याचासुद्धा हेवा वाटायचा. ज्या हाताला मी मोडलं तो तुला उघडा बघायला मिळतो, याचा हेवा.

आणि मग तेरावं. मी रेडिओ मागितला, तू म्हणालीस, ‘आक्का, एवढा एक राहू दे माझ्याकडे.’ आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘राहू दे. ज्या हातानं आप्पांचा हात घालवला, त्याच हाताला शोभतो.’ पदर सारखा केलास आणि पानं वाढायला उठलीस. सगळं ठाऊक असून मी ते बोलले. सतराव्या वर्षी केलं त्याला अजाणतेपण म्हणता येईल. बेचाळिसाव्या वर्षी बोलले त्याला काय म्हणू?

क्षमा मागत नाही. ती मागितली तर तू लगेच देऊन टाकशील, तुझा स्वभाव तसा आहे. आणि मग मला तुझ्या चांगुलपणाचा हेवा वाटायला लागेल. माझं काही सांगता येत नाही.

यांना मी सांगितलं. परवा, जेवण झाल्यावर. हे सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, ‘तिला लिव्हलंस का?’ मी म्हटलं, ‘नाही.’ म्हणाले, ‘मग मला सांगून काय उपेग? मी काय तिची इस्त्री लावतोय व्हय?’ आणि उठून अंगणात गेले. तेव्हा हे पत्र.

आता माझा रेडिओ. पूर्ण झाला आहे, सांगली लागते, पुणे लागतं. पिनेवर टिकली नाही. बिराप्पा येतो तेव्हाच तो लागतो. नियमाने टिकली मी लावायची, सगळे डाख माझे आहेत. मी शेंदूर कालवला, काडी बुडवली आणि हात पिनेपाशी नेला. चादरीवर मनगट टेकवलं तरी थरथर बोटापर्यंत आली. या हाताने लावलेल्या टिकलीवर कुणी विसंबावं, असं मलाच वाटत नाही.

म्हणून एक मागते. तू नाही म्हणशील हे लिहितानाच दिसतं आहे. तुझं नाही म्हणणं बरोबर असेल, आकारामरावही तेच सांगतील. तरी मागते.

सकाळच्या एस.टी.ने ये. शेंदराची ती आप्पांची डबी माझ्याकडे आहे, लग्नात मी सामानात लपवून आणली होती. टिकली तू लाव, तुला बरोबर वाटेल त्या बाजूला, दोनदा बघून. टेस्टर नको, बिराप्पा नको, हेही नकोत. मग पिन तुझ्या हाताने फळीत घाल. रेडिओचा मागचा पुठ्ठा मी काढून ठेवीन, सकाळीच जमीन सारवून अनवाणी उभी राहीन, आणि तू पिन घालशील तेव्हा तुझ्या टिकलीवर विसंबून माझा हात आत उघड्या चासीवर असेल. तेवढा राहू दे.